उत्तर उद्या

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न उघडताच बाजूला ठेवशील, अशी मला निम्मी खात्री आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हातात घेतलंय. कोंबडीचे पाय उमटलेत, चालवून घे. दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हाताने लिहायची वेळ येते कधी? एकच विनंती आहे, शेवटपर्यंत वाच. मग फाडायचं तर फाड.

सुरुवात बाबांच्या कॉम्प्युटरपासूनच करतो. तू पाठवलेला तो अडतीस मिनिटांचा व्हिडिओ त्यांच्या फोनवर आला, त्याला आता आठ महिने होतील. त्यानंतर दीडेक महिन्याने बाबांची तक्रार सुरू झाली की कॉम्प्युटर रखडतो. चालू व्हायला दहा मिनिटं, वर्तमानपत्राचं पान उघडायला पाच. मी दुकानातून फोनवरच सांगायचो, बंद करून पुन्हा चालू करा. दोन दिवसांनी पुन्हा फोन. त्यांचा तो ठरलेला टोमणा, ‘काय इंजिनियरसाहेब, घरचं गिऱ्हाईक फुकट म्हणून दुरुस्ती कच्ची का?’ मी हसायचो आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो.

रविवारी जायचो तेव्हा जुजबी काहीतरी करायचो. चालू होताना आपोआप उघडणारी दहा-बारा प्रोग्राम बंद केले. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक नवी मोठी फाइल तपासत बसतं, त्याला वेळ ठरवून दिली. बाबा फोनवरून काहीतरी मोठं वायफायने कॉम्प्युटरवर पाठवतात आणि ते पोचायच्या आत खालचं मेन बटण दाबून मोकळे होतात, हेही कळलं, कारण अर्धवट पोचलेल्या फायली ढिगाने पडल्या होत्या. त्या पुसल्या. राउटर कपाटामागे होता, तो खिडकीत आणून ठेवला. वायफायने चार जीबी पाठवायला पाऊण तास लागणारच, वायर लावून पाठवा, पाच मिनिटांत होईल, असं सांगून वायर दिली. पुढच्या रविवारी म्हणाले, वायर कुठे दिलीस? दुसरी दिली. मग तिसरी. मी वैतागून म्हटलं, बाबा, तुम्ही काय वायरी खाता का? तेही हसले. ताई, मी यंत्राचं दुखणं आवाजावरून ओळखतो, अशी माझी बाजारात ख्याती आहे. आणि समोर बसलेला माणूस तीन वायरी विसरला, ते मला दिसलं नाही.

डिस्क भरली, असं कॉम्प्युटर सांगायला लागला तेव्हा मी आत काय आहे ते पाहायच्या भानगडीत न पडता दुप्पट मोठी डिस्क बसवून दिली. जुने सिनेमे साठवत असतील, म्हातारपणी दुसरं काय करणार, असं वाटलं. गिऱ्हाइकाच्या घरी मी असं कधीच करत नाही. तिथे आधी बघतो, मग हात लावतो. बापाच्या घरी मात्र आधी हात लावला.

तुला आठवतं ना, तू मला दुसऱ्या आठवड्यात फोन केला होतास? बाबांनी व्हिडिओ पाहिला का, एवढंच विचारलंस. मी जेवताना त्यांना विचारलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘असा कागद इथे आलेला नाही.’ कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीची चौतीस वर्षं नको असलेल्या माणसाला याच वाक्याने परत पाठवायचे ते, आपल्या दोघांना पाठ आहे ते. मला वाटलं, झालं, म्हातारा अजून तुझ्यावर कुलूप लावून बसलाय. आईला तू उपचारासाठी तुझ्याकडे घेऊन गेलीस, आणि ती तिकडेच गेली. त्यावर बाबा तुला जे बोलले, ‘नेलीस आणि परत आणली नाहीस,’ ते मीही ऐकलं होतं. तेव्हा मी मध्ये पडलो नाही. फोनवर तुला सांगितलं, ‘त्यांनी पाहिलेला नाही आणि पाहायचाही नाही. तू आता विषय सोड, ताई.’ त्यातलं ‘पाहायचाही नाही’ हे त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. त्या दिवसानंतर तू माझाही फोन उचलला नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी नवी डिस्कसुद्धा भरली. मग मात्र मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यांदा आत पाहिलं. ‘आवक’ नावाचं एक फोल्डर. आत तारखांची फोल्डर, दिवसाला एक. प्रत्येकात एकच फाइल, आणि ती सगळीकडे तीच. मी मोजल्या. दोनशे सतरा. बाबा दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र चाळत होते, मी आवाज बारीक करून फाइल उघडली. तुझं घर दिसलं. आई ज्या खोलीत होती ती खोली, तिची खिडकी, तिचा अर्धवट विणलेला लाल स्वेटर अजून तसाच सुयांवर. तुझी चिमुरडी पलंगावर उड्या मारत होती आणि तू तिला दटावत होतीस की ही आजीची जागा आहे. शेवटी तू कॅमेऱ्यात बघून म्हणालीस, ‘बाबा, एक शब्द कळवा, मी निघून येते.’ मी हे आठ महिन्यांनी पाहत होतो. मला माझी लाज वाटली.

कॉम्प्युटरच्या शेजारी बाबांची ती लांब हिरवी वही असते. निवृत्तीनंतरही त्यांनी सवय सोडली नाही, घरात आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक बिल तिच्यात चढतं. आलं काय, ठेवलं कुठे, आणि शेवटी शेरा. मी पानं उलटली. वहीतही तू त्यांची ठकीच आहेस. पहिल्या दिवशी लिहिलंय: ‘ठकीचा व्हिडिओ आला. जतन केला. शेरा: पूर्ण पाहिला. उत्तर उद्या.’ दुसऱ्या दिवशी: ‘ठकीचा व्हिडिओ आला. जतन केला. उत्तर उद्या.’ तिसऱ्या दिवशी तेच. ताई, पानंच्या पानं तेच, त्या मोत्यासारख्या अक्षरात. त्यांच्यासाठी तुझा व्हिडिओ रोज पहिल्यांदाच येत होता. रोज संध्याकाळी ते धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसायचे आणि फाइल किती पोचली ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना पाऊण तास बघायचे, हे मला शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं. त्यांना वाटायचं, बाबांचं कुणाशी तरी रोज बोलणं होतं. टेबलाच्या खणात तिन्ही वायरी सापडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, मिळाल्याच्या तारखेसकट.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, घड्याळाचं चित्र काढायला दिलं. बाबांनी गोल सुंदर काढला आणि काटे काढायचे विसरले. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. विस्मरणाचा आजार आहे, दोन वर्षांपासून असावा, म्हणाले. औषधाने उतरण थोडी लांबेल, चढण नाही. आता मी त्यांच्याकडेच राहायला आलोय, बायको दुकान सांभाळते.

इथे मी आणखी एक घोळ घातला, तोही सांगून टाकतो. फोल्डर उघडून पाहिलं त्याच रविवारी मी एक फाइल ठेवून बाकीच्या दोनशे सोळा पुसून टाकल्या होत्या. कॉम्प्युटर बाणासारखा पळायला लागला. मी खूश, रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी बाबा वही उघडून एकेक नोंद फोल्डरशी ताडून बघायला बसले, आणि एक सोडली तर एकही सापडेना. दुपारचं जेवले नाहीत. कपाटं उपसली, गादीखाली पाहिलं. शेवटी जमिनीवर बसून मला म्हणाले, ‘चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नव्हता रे.’ आई गेली तेव्हाही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो माणूस माझ्यासमोर हमसून रडत होता. मी मग वही मांडीवर घेऊन बसलो आणि दोनशे सोळा फोल्डर पुन्हा तयार केली, तारीख बघून, प्रत्येकात तुझी एक फाइल. त्यांनी सगळ्या ताडून पाहिल्या, बरोबर अशी खूण केली आणि जेवले. कॉम्प्युटर पुन्हा रखडतोय. रखडू दे. या घरात तो आता मी कधीच दुरुस्त करणार नाही.

मी इतक्या घाईने का लिहितोय, ते सांगायचं राहिलंच. गेल्या मंगळवारी वहीतली नोंद बदलली. तिथे आता ‘ठकीचा’ नाही. लिहिलंय: ‘व्हिडिओ आला. पाठवणारी बाई कोण, चौकशी करणे.’ बुधवारी तसंच, काल तसंच. तुझं नाव अजून त्यांच्याकडे आहे, ठकी म्हटलं की चेहरा उजळतो. तुझा चेहरा मात्र नावापासून सुटलाय, आणि नाव किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून या पत्रासोबत वहीचं ते पहिलं पान पाठवतोय, ‘पूर्ण पाहिला’ असं लिहिलेलं. चोरून काढलं नाही, मागून घेतलं. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, बाहेर गेलेला कागद ज्याच्या नावावर गेला त्यानेच परत आणून द्यायचा. त्यांनी स्वतः पट्टी लावून पान फाडलं, नोंद केली आणि कुणाच्या नावावर, असं विचारलं. मी ठकीच्या म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं, मग पेन तसंच धरून म्हणाले, ‘नेलेलं परत आणून देते ना ही?’ आठ महिन्यांपूर्वी मी त्यांच्या वतीने तुला उत्तर देऊन टाकलं होतं, त्यांना न विचारता. आज तुझ्या वतीने त्यांना दिलं, तुला न विचारता. मी हो म्हणालोय, ताई.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
धाकटा