माझी पाळी

प्रिय दादा,

फोन केला असता तर तू माझं वाक्य अर्ध्यावर तोडलं असतंस, म्हणून लिहिते आहे. वाचताना मध्ये बोलता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत येऊन तू टेबलावरून हात फिरवलास, फासे जमिनीवर उधळलेस आणि लेकीला दंडाला धरून नेलंस. जाताना म्हणालास, "घरातली पहिली पदवीधर तू, आणि पोरांना हा बेशरमपणा शिकवतेस?" पोरं तोंडं पाडून कपाटाखालचे फासे काढत बसली. एक अजून सापडलेला नाही.

निदान आम्ही तिथे काय खेळतो ते तरी विचारायचंस. मी गोष्ट सांगते, प्रत्येक मूल त्यातलं एक पात्र होतं आणि संकट आलं की मी विचारते, आता तू काय करशील? कुणी पूल बांधतं, कुणी राक्षसाशी तडजोड करतं. फासा उलटा पडला तर रुसायचं नाही, दुसरी वाट शोधायची. कडक नियम एकच: ज्याची पाळी, त्यानेच बोलायचं. कितीही वेळ लागो, त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही.

तुझी चिमणी आमच्या खेळात दुभाषी आहे. हो, तीच अडखळणारी चिमणी. पहिल्यांदा राक्षसाला 'थांब' म्हणायला तिला इतका वेळ लागला की राक्षस झालेल्या मलाच जांभई आली. पण मध्ये कुणी पडलं नाही. आता ती अख्खी टोळी नुसतं बोलून परत पाठवते. अडखळते अजूनही, पण थांबत नाही.

घरी मात्र दुकानात तिच्या वतीने तू बोलतोस, पाहुण्यांसमोर वहिनी. मायेने करता, माहीत आहे मला. पण त्या मायेने तिचं तोंड शिवलंय रे.

म्हणून शुक्रवारी डॉक्टरांनी तिला कुठे दुखतं विचारलं आणि नेहमीप्रमाणे तूच सुरू झालास, पोट दुखतं, अरबटचरबट खाते, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, थांबा. माझी पाळी आहे." डॉक्टरांनी तारीख विचारली आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा, ती बोलायची पाळी म्हणत होती. आणि समज, दुसरी म्हणाली असती, तरी ते डॉक्टरांकडे नाही तर कुठे म्हणायचं? तुझी लाज राखायला पोट धरून गप्प बसायचं?

माझा खरा संताप वेगळाच आहे. आई कामावर गेली की पलंगाखाली चादरीची गुहा करून, 'समोर नदी आहे, काय करशील?' हे मला पहिल्यांदा तूच विचारलंस. मी होडी, दोरी, मगर असं काहीबाही बरळायचे आणि तू गप्प बसून ऐकायचास. कुठे गेला रे तो माणूस?

शुक्रवारी डॉक्टरांकडून तू तिला ओढत बाहेर आणलंस आणि तिला पोटाच्या गोळ्या मिळाल्या. ती काय सांगणार होती, ते तिने काल मला सांगितलं. घाबरू नकोस, जिवाला धोका नाही, पण गोळ्यांनी थांबणारंही नाही. शाळेला सुट्टी असते त्या दिवशी तिचं पोट कधी दुखतं का, एवढं बघ. बाकीचं मी इथे एका ओळीत लिहू शकते, पण लिहिणार नाही. लिहिलं, तर तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला? हे पत्र एवढ्यासाठीच. आज तिच्यासमोर बस, विचार, आणि ती कितीही अडखळली तरी तोंड उघडू नकोस. तिची पाळी आहे.

तुझीच,
अजून रागावलेली धाकटी