डब्यांमागचे दोन स्पीकर

२१ एप्रिल १९९१

आज जेवताना यांनी काढलं — स्वयंपाकघरात गाणी लावू. टेप बाहेरच्या खोलीतच राहील, वायर आत आणू, दोन लहानसे स्पीकर बसवू. लग्नाला तीन वर्षं झाली, या माणसानं कधी शीळ घातली नाही. डाळ मिलमध्ये दिवसभर चाळण्यांचा आवाज, म्हणून घरी आल्यावर पंखासुद्धा नको असतो. मी म्हटलं, गाणी कोणासाठी? म्हणाले, तुझ्यासाठी. आणि पाणी पिऊन उठले.

सासूबाई गप्प बसल्या. त्या कशातच गप्प बसत नाहीत.

२२ एप्रिल

कुंदाला सोळावा महिना लागला.

२४ एप्रिल

कुठं सांगायला जागा नाही म्हणून इथं लिहिते. कुंदाला ऐकू येत नाही. मला दिवाळीपासून वाटतं. मागून हाक मारली तर वळत नाही. ताट पडलं, वळली नाही. कुकरची शिट्टी झाली, आपली चमचा चाटत बसली.

पण आमच्या खोल्या माडीवर, खाली लाकडी फळ्या. टाच आपटली की तिला कळतं, लगेच वळते. म्हणून कोणी असलं की मी हाक मारते आणि सोबत टाच आपटते. सगळ्यांना वाटतं पोरीनं हाक ऐकली. सासूबाई म्हणतात, "पोर गुनी शे, मायना आवाजवर उठस." मी हसते.

खालच्या बेबाबाईनं सांगितलं होतं, तिच्या भाचीचा मुलगा मुका निघाला. भाची आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली ती गेलीच. कोणी घ्यायला आलं नाही. दोन वर्षं झाली. आखाजी आता तीन आठवड्यांवर.

२७ एप्रिल

आज स्टेशनजवळच्या अभिमनच्या दुकानातून एक स्पीकर आणला, बघायला. लहान कसला, गव्हाच्या डब्याएवढी पेटी! ओट्याखाली फळ्यांवर ठेवली. टेप लावला, खान्देशी लग्नाची गाणी. कुंदा भातुकली टाकून पेटीकडे गेली, दोन्ही हात लावले आणि हसायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी फोडणीकडे तोंड केलं. सासूबाई म्हणाल्या, "दख, नाचस ती."

मी म्हटलं, हाच राहू द्या. छान आहे. जागा करते मी, पिठाचा डबा हलवते.

हे कुंदाकडे पाहत राहिले. तिच्याकडे नाही, तिच्या हातांकडे. मग म्हणाले, "हा नको. लहान पाहिजे. वर बसेल असा."

पेटी संध्याकाळच्या आत परत गेली.

३० एप्रिल

मला दुकानात नेलं. कधी नेत नाहीत. अभिमन बोलका आहे. "या वहिनी, भाऊंना सांगा काहीतरी, तीनदा येऊन गेले, पसंतच पडत नाही. मुलगी पाहायला तरी इतक्या वेळा गेले होते का?"

हे हसले नाहीत. चार इंची दोन काढले, हातात घेऊन वजन पाहिलं. एक लाकडी, एक प्लास्टिकचा. प्लास्टिकचा कानाशी धरून बोटानं ठोकला. मी पंख्यांकडे बघत होती पण कान तिकडेच. ते हळू म्हणाले, "दिसायला नको. ऐकू येतं का तेवढं बघायचं आहे."

कोणाला दिसायला नको? काय ऐकू यायचं आहे?

मी अभिमनला विचारलं, याच्यात बोललेलं ऐकूबी येतं का? तो खुश झाला. "वहिनी हुशार आहेत! एकच वस्तू. तिकडून बोललं तर इकडे वाजतं, इकडून बोललं तर तिकडे. भाऊंच्या मिलमध्ये शेठच्या केबिनमध्ये आहे ना तसला डबा. शेठ चहा पितो आणि चाळणीवरच्या बायका काय बोलतात ते ऐकतो." यांनी त्याला म्हटलं, "वायर दे, अठरा फूट." विषय बदलला.

म्हणजे हे आहे. मी स्वयंपाकघरात कुंदाशी काय बोलते, हाक मारते की नाही, ते दोघं बाहेरच्या खोलीत बसून ऐकणार.

२ मे

बसवले. एक शेंगदाण्याच्या डब्यामागे, एक वर पापडांच्या डब्यांमागे. खालून बिलकूल दिसत नाहीत. भिंतीतल्या फळीवर आधी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, त्यावर स्पीकर. मी विचारलं, रबर कशाला? "हादरा बसायला नको." गाण्याला हादरा कसला?

वायर दाराच्या चौकटीवरून बाहेर, थेट सासूबाईंच्या खाटेजवळ टेपला.

४ मे

दोन दिवस स्वयंपाकघरात बोलली नाही. भाकरी थापते तेवढाच आवाज. टाचसुद्धा आपटत नाही, काय माहीत, तीही ऐकू जाईल. कुंदा माझ्या तोंडाकडे बघत राहते. ती नेहमीच बघते.

आज एक केलं. डब्यांकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "मी यंदा आखाजीला माहेरी पाचोऱ्याला जाणारच नाही." बघू, कोण बोलतं.

५ मे

सासूबाई सकाळी खाटेवर निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, पाचोऱ्याले कव्हय जाशी?"

हातातलं सूप पडलं माझ्या. काल बोलली, आज विचारतात कधी जाणार. मी म्हटलं, का विचारता? "का म्हनजे? आखाजी उनी ना. तुना भाऊ लेवाले येस का नही?" तांदूळ निवडत होत्या, वर पाहिलं नाही. पण हात थांबला होता. मी पाहिलं.

मला पाठवायची घाई आहे. पोरीला घेऊन जा आणि तिकडेच राहा.

६ मे

शेंगदाण्याच्या डब्यामागच्या स्पीकरला जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली. दुसऱ्यापर्यंत हात पुरला नाही, पाटावर उभं राहूनसुद्धा.

७ मे

यांनी चिंधी काढली. ओट्यावर घडी करून ठेवली, जणू माझा रुमाल. ओरडले असते तर बरं.

९ मे

हे मिलमध्ये गेलेच नाहीत. सदऱ्याच्या खिशात धुळ्याचं एसटीचं तिकीट सापडलं, जायचं आणि यायचं. यांचं गाव नरडाणा, पण तिकीट धुळ्याचं. विचारलं तर म्हणाले, पट्टा आणायला गेलो होतो मिलचा. पट्टा इथं जळगावात मिळत नाही? धुळ्याला यांच्या मावशी आहेत. माझं लग्न व्हायच्या आधी तिथलीच एक मुलगी पाहिलेली होती. बेबाबाईला माहीत आहे, तिनंच सांगितलं.

आज भाकरी करपली. कोणी बोललं नाही. या घरात आता कोणीच कोणाला बोलत नाही, आणि भिंतीला कान बसवलेत.

१० मे

भावाचं कार्ड आलं. पंधराला घ्यायला येतो. कार्ड पिठाच्या डब्यात टाकलं.

१२ मे

आज झालं ते सगळं लिहिते.

दुपारी मी मोरीत कपडे धूत होती. बाहेर आली तर स्वयंपाकघरात कुंदा फळ्यांवर बसलेली, वाट्या घेऊन. तिच्या मागे भिंतीला टेकून हे बसलेले, मिलचे कपडे अंगात. मी दारात. यांनी बाहेरच्या खोलीकडे हात वर केला. सासूबाईंनी टेपचं बटण दाबलं. मी पाहिलं, अंगठ्यानं, जोर लावून, त्यांना कधी जमत नाही.

गाणं लागलं. वरून, डब्यांमागून. कुंदानं वाटीत वाटी ठेवली.

यांनी हात अजून वर केला. आवाज मोठा झाला. डब्यांची झाकणं थरथरायला लागली, खालून बेबाबाई ओरडली, "काय वरात आहे का?" कुंदानं तिसरी वाटी घेतली.

मला कळलं काय चाललं आहे. माझी टाच उचलली गेली. आपोआप. सहा महिन्यांची सवय.

हे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "टाच आपटू नको, सुनंदा."

गाणं चालूच होतं. मी तिथंच खाली बसली.

मग यांनी सांगितलं. यांना माहीत होतं. फाल्गुनापासून. एकदा मी हाक मारली आणि पाय घसरून टाच पडली नाही, त्या दिवशी कुंदा वळली नाही, तेव्हा दिसलं. मोठी पेटी आणली तेव्हा पोरगी वळली, पण ती फळ्यांच्या हादऱ्यानं. म्हणून लहान, वर, रबरावर, आणि तिला दिसणार नाही असे. नऊ तारखेचं तिकीट धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरकडचं; त्यानंही तसंच सांगितलं, घरी बघा आणि मग घेऊन या. ऐकू येतं का — ते कुंदाला! मला वाटलं माझं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तू एवढी टाच आपटत होतीस. तुला कसं सांगू.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला. त्यांनी टेप बंद केला नाही, कॅसेट आपली आपण संपली.

१३ मे

धुळ्याला सोमवारी जायचं ठरलं, आखाजी झाल्यावर. तिघं. कानाला लावायचं मशीन मिळतं म्हणे. मी यांना सरळ विचारलं, मला पाचोऱ्याला ठेवणार का? म्हणाले, कोण म्हणतं? मग उठून गेले. एवढ्या प्रश्नाला माणूस उठून का जातो?

१४ मे

स्पीकर काढले नाहीत. मी म्हटलं, काढा. म्हणाले, राहू दे, तू ऐक. मला गाणं नको. दोघंही माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. अजून काहीतरी आहे.

१५ मे

भाऊ आला. बाहेर बसला आहे, चहा झाला. पिशवी मी भरली नव्हती. सासूबाई आत आल्या, दार लोटलं, माझ्यासमोर फळ्यांवर बसल्या. त्या खाली बसत नाहीत, गुडघे दुखतात.

म्हणाल्या, "शालिग्रामना डावा कान बंद शे. धाकलपनपासून. तुना बापले आम्ही सांगं नही."

म्हणजे यांचा. लहानपणापासून.

"मोठा आवाजनी पोर दखी आम्ही. तू अंगनमा भावावर वरडी ऱ्हायनी व्हती. मी म्हनं, हाई चाली." ही चालेल म्हणून निवडली मला. मग माझा हात धरला. "पाचोऱ्याले कव्हय जाशी, ते मी रोज मनमा मोजू. आते सांग, तू परत येशी का?"

हे दारामागे उभे आहेत. उजवा कान दाराकडे करून. भाऊ विचारतो आहे, निघायचं ना. मी अजून कोणालाच सांगितलं नाही.