शेवाळ खाणाऱ्या गायीचं दूध

माय, तू गेलीस त्या वयाहून मी आता मोठी झाले आहे. आपल्या गायीच्या दुधाची एक गोष्ट तुला सांगायची राहिली.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होऊन अंधेरीला दूध तपासायच्या प्रयोगशाळेत लागले होते. सकाळी मनोरीहून होडीत बसायची तेव्हा तू खडकांवर असायचीस. अजून दिसतेस मला: लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, ओहोटीच्या पाण्यात वाकून टोपलीत शेवाळ भरते आहेस. मग ते विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतेस, वाळवतेस, कोंड्यात कालवून गायीला घालतेस. "दर्याचं खाते म्हणून धडधाकट हाय," म्हणतेस.

आमचे साहेब तेव्हा उपनगरांतल्या गोठ्यांच्या दुधातलं आयोडीन मोजत होते. दिवाळीनंतर मी एक बाटली नेली, 'आमच्या गावातलं दूध' म्हणून. दूध आटवून, जाळून त्याची राख करायची, तिच्यात औषधं मिसळायची. पिवळा रंग जितक्या लवकर उडेल तितकं आयोडीन जास्त. बाकीच्या नळ्या पिवळ्याच होत्या, आपली बघता बघता पांढरी पडली. "ही गाय खाते तरी काय?" साहेबांनी विचारलं. गावातली एक बाई तिला शेवाळ घालते, एवढंच मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

नाताळात तू केलेली खीर मी प्रयोगशाळेत नेली. तिथल्या एका मुलीने नाकाला पदर लावला. "अगं बाई, मासळीचा वास येतो हिला!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढच्या पगाराला मोहरीच्या पेंडीचं पोतं घेऊनच होडीतून उतरले. म्हणाले, "आता ते शेवाळ बंद कर. शिकलेली माणसं गुरांना पेंड घालतात." तू म्हणालीस, "नोकरी लागली म्हणून गायीपरीस शानी झालीस काय?" पण लेकीच्या पगाराचं पोतं होतं ते. तू त्यावरून हात फिरवलास आणि टोपली भिंतीशी पालथी घातलीस. दोन दिवस गायीने गव्हाणीत तोंड घातलं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं.

उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी तेच दूध पुन्हा मागवलं. या खेपेला पिवळा रंग हटेना. "काय बदललं?" मी पेंडीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. गव्हाणीत जे पडतं तेच दुधात उतरतं. शेवाळात आयोडीन भरपूर. मोहरीची पेंड उलट, असलेलंही दुधात येऊ देत नाही. फार आयोडीन असणं चांगलंच असं नाही, पण थोडं तरी लागतंच, नाहीतर गळ्याला गाठी येतात. कुणी दिला हा सल्ला?" मी नळ्या धुवायला घेतल्या.

मग ते उत्साहाने म्हणाले, "ही बाई कोण आहे? रविवारी मी मनोरीला येतो. शेवाळ किती घालत होती, कसं धूत होती, तिच्याच तोंडून ऐकायचंय."

माय, एवढा शिकलेला माणूस तुला विचारायला दारात आला असता. तू त्याला ओट्यावर बसवलं असतंस, खडकावर नेलं असतंस, संध्याकाळपर्यंत बोलत राहिली असतीस. मी म्हणाले, "ती बाई कुणाशी बोलत नाही, साहेब." आणि ती माझी आई आहे, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.