गुरुनाथांच्या उबेची तजवीज

मी, सौ. वीणा गुरुनाथ बोकारे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो कोणाला आणता आलेला नाही, हे माझे पती शपथेवर सांगतील. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजी नको. पण दोन दिवस गावाला जातानाही फ्रीजवर सूचना चिकटवून जाणारी बाई मी, तेव्हा हेही त्यातलंच समजावं. कायद्याचं इंग्रजी मृत्युपत्र वकिलांनी केलं आहे. त्यात आहे तेच इथे आहे, फक्त इथे कारणंही दिली आहेत.

१. राहतं घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, ते माझ्या पश्चात गुरुनाथांचं. आमचा मुलगा केदार त्यांना टेक्सासला, फ्रिस्कोला आपल्याकडे न्यायचं म्हणतो, आणि अगदी मनापासून म्हणतो. परंतु त्यांना जायचं नाही. ते आपण होऊन म्हणत नाहीत तोवर त्यांना हलवू नये आणि घर विकायचा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये.

२. सोन्याच्या पाटल्या मुलगी रुचाला. मोहनमाळ सून अनयाला, कारण तिने ती कधी मागितली नाही. पुरणयंत्रही रुचाला. त्याची बारीक जाळी महाराष्ट्र मंडळाच्या होळीपासून तिथली रुपाली घेऊन बसली आहे आणि मी दिसले की ती दुकानातली दुसरी रांग धरते. ती जाळी मी रुपालीला रीतसर देत आहे, म्हणजे माझ्या शोकसभेला तिला बिनघोर येता येईल.

३. बँकेत माझ्या एकटीच्या नावावर एक खातं आहे. मुलं लहान असताना मी घरात पाळणाघर चालवलं, त्याची ही कमाई. यातून इतर कोणालाही काही देण्याआधी या घरात हीट पंप बसवावा. उरेल ते केदार आणि रुचाने निम्मं निम्मं घ्यावं.

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारं, विजेवर चालणारं मशीन. उन्हाळ्यात तेच एसीचं काम करतं. मशीन, विजेचा जुना पॅनेल बदलणं आणि खोल्यांत हवा नेणाऱ्या डक्टचं काम धरून बावीस हजार डॉलरचं कोटेशन आलं आहे. केदारने फोनवर सगळा हिशेब मांडला. मिशिगनमध्ये गॅस स्वस्त, वीज महाग, आणि आमची वयं धरता हे पैसे काही वसूल होत नाहीत. "आई, द मॅथ डझन्ट वर्क," तो म्हणाला. त्याचं गणित बरोबर आहे. शाळेतही बरोबरच असायचं. पण बाळा, मी बिल कमी व्हावं म्हणून हे करत नाहीये. तुझे बाबा बेसमेंटच्या पायऱ्या उतरू नयेत म्हणून करते आहे.

आत्ता घर तापवणारी आमची गॅसची फर्नेस बेसमेंटमध्ये आहे. कडाक्याच्या थंडीत ती मधूनच बंद पडते आणि खाली जाऊन बटण दाबल्याशिवाय पेटत नाही. ते बटण मी दाबते, फिल्टरही मी बदलते. माझ्यामागे ते काम गुरुनाथांकडे जाईल, आणि त्यांचे गुडघे आता तसे राहिलेले नाहीत. त्यातून ती फर्नेस त्यांच्या प्रेमातली. नागपूरच्या उन्हात वाढलेला हा माणूस इथल्या पहिल्या हिवाळ्यात कोट घालून झोपायचा. हे घर घेतल्यावर त्यांनी फर्नेसच्या काचेतून निळी ज्योत पाहिली आणि तिला चक्क हात जोडले. कार कंपनीत जन्मभर इंजिनं तपासली, पण त्यांच्या मते घरातलं खरं इंजिन तेच. आमच्याकडे दसऱ्याला दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लागतं, आणि त्यानंतर ते तबक घेऊन खाली फर्नेसच्या पूजेला जातात.

गेल्या दसऱ्याला मी पुऱ्या तळत होते. खाली धडपडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ते पायऱ्यांच्या तळाशी बसलेले, आणि पायऱ्यांवरचा गालिचा लालभडक. मला वाटलं रक्त. ते कुंकू होतं. त्यांना फक्त कोपराला खरचटलं होतं, आणि मला पाहून ते म्हणाले, "काही नाही गं, पूजा झालीये." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या बाई दारात आल्या. नंतर स्वयंपाकघरात एकटीच खूप रडले. त्या आवाजाला धावत जाणारं कोणी घरात नसेल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग हे काम आत्ताच का नाही केलं, असं कोणी विचारेल. मी जिवंत आहे तोवर गुरुनाथ माझ्याशी वाद घालू शकतात. मृत्युपत्राशी वाद घालता येत नाही. ऑपरेशनमधून नीट परत आले, तर एप्रिलमध्ये मी स्वतःच कारागीर बोलावणार आहे. तेव्हा काय वाद व्हायचा तो होईल.

४. अहो, आता हे कलम तुमच्यासाठी. केदारने ते मोठ्याने वाचून दाखवावं.

नव्या मशीनची हवा कोमट असते, फर्नेससारखी गरम झोत मारत नाही. तेव्हा हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर हात ठेवून "थंडच आहे" असं म्हणायचं नाही. खोली उबदार आहे ना, ते बघायचं. स्वयंपाकघरातल्या जाळीवर दह्याचं भांडं ठेवायची आपली पद्धत आता बंद. तिथे दही लागणार नाही. विरजण लावलं की भांडं ओव्हनमध्ये ठेवा आणि आतला फक्त दिवा लावा. ओव्हन लावायचा नाही.

मशीन एका तापमानाला ठेवून विसरून जायचं. मंडळात जाताना, देवळात जाताना, दूध आणायला जाताना बंद करायचं नाही. तुम्हाला घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची जन्माची सवय आहे, म्हणून हे बजावून लिहिते.

आणि आता एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. रुचाच्या घरी हीट पंप आहे. मागच्या हिवाळ्यात आपण तिच्याकडे राहिलो, तेव्हा तिचं विजेचं बिल भरमसाट आलं. तेव्हापासून तुम्ही भेटेल त्याला सांगता की हीट पंप म्हणजे पांढरा हत्ती. अहो, ती कामावर गेली की तुम्हीच तो बंद करत होतात आणि ती यायच्या आधी चालू करत होतात. गार पडलेलं घर एकदम तापवायला त्या मशीनमधल्या विजेच्या शेगड्या लागतात, आणि पैसे त्या खातात. मला कळलं तेव्हा मी तुम्हाला सांगणार होते. रुचाने माझा हात धरला. "राहू दे, आई. ही वॉज सेव्हिंग मनी फॉर मी." बिल तिने मुकाट्याने भरलं. तुम्ही मशीनला नावं ठेवलीत तीही ऐकून घेतली. आपली मुलगी कशी निघाली हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून मी आता सांगितलं. तिला फोन करा. मशीनबद्दल काही बोलू नका, नुसता फोन करा.

फर्नेस काढून नेतील तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं असतं. तिने आपली मुलं वाढवली आणि माझ्या पाळणाघरातली पोरंही तिच्या उबेत झोपली. तिला शेवटचं हळदकुंकू रुचा लावील, तुम्ही वरच थांबा. नव्या मशीनचा बाहेरचा भाग स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसेल असं मी ठरवलं आहे. अंगणाच्या दारातून तिथवर एकही पायरी नाही. दसऱ्याला तबक घेऊन तिथे जा. गालिच्यावरचा डाग मात्र कोणी काढायला जाऊ नये. तो मला चुकवून गेलेला वाईट दिवस आहे.

५. गुरुनाथ माझ्या आधी गेले, तर कलम तीन आणि चार रद्द समजावीत. हीट पंप बसवू नये. पैसे मुलांनी वाटून घ्यावेत. मला या घरात कधीच फारशी थंडी वाजली नाही. घर मी त्यांच्यासाठी तापवत होते.

लिहिलेलं सर्व मी पुन्हा वाचलं आहे, एक शब्दही बदलायचा नाही. गुरुनाथांना साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळायचं आहे त्याने साक्ष न दिलेली बरी, असं वकिलांनी सांगितल्यावर ते रुसून बाहेरच्या खोलीत बसले आहेत. मी त्यांची शाल घेऊन तिकडेच जाते आहे.

सही: वीणा गुरुनाथ बोकारे

साक्षीदार: १. चैत्राली देवस्थळी, माझ्या पाळणाघरातली पहिली मुलगी
२. यतीन गोखले, शेजारी

स्थळ: ट्रॉय, मिशिगन
दिनांक: १८ जानेवारी २०२५