साहेब हाडं का पुरतो

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या गुलाबाच्या कुंडीत हाड! गुलाब बाहेर, हाड आत. चौतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षिका होते. सातशे मुलींनी मिळून माझा जेवढा अपमान केला नाही, तेवढा या आठ किलोच्या कुत्र्याने एका सकाळीत केला.

कुत्रा माझा नाही. धाकट्या बहिणीचा. बाईसाहेब स्वतःच्या जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शुक्रवारी ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलात कुत्री ठेवत नाहीत म्हणून हा माझ्या गळ्यात. नाव साहेब. तिच्या ऑफिसात असा एक वरिष्ठ होता म्हणे – धड लांबलचक, पाय आखूड, दिवसभर काहीतरी दडवत फिरायचा. चार दिवसांच्या अनुभवावरून सांगते, त्या वरिष्ठावर अन्याय झाला आहे.

हाड उचललं, धुतलं, कपाटात टाकून कुलूप लावलं. माझा नियम जुनाच. जी वस्तू नीट वापरता येत नाही, ती जप्त.

५ फेब्रुवारी, बुधवार

रबरी बदक उशीच्या अभ्र्यात. माझ्या उशीच्या. जप्त.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलात जाऊन आले. धाकटीला सगळी योजना समजावून सांगितली. सुटी मिळाली की तिने माझ्याकडे यायचं, मागची खोली घ्यायची, कायमची. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आता कसली चढतेय ती! वेळापत्रकही करून नेलं होतं. साडेसहाला उठणे, सातला व्यायाम, साडेसातला नाश्ता. सुवाच्य अक्षरात.

तिने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, बघू गं ताई.

बघू! आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे ती चार वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे.

मी म्हटलं, तुला स्वतःची काळजी घेता येत नाही हे तू जिन्यावर सिद्ध केलं आहेस. खरं म्हणजे मला म्हणायचं होतं की तू त्रेसष्ट, मी एकोणसत्तर, आता एकत्र राहिलो नाही तर कधी? पण तसं बोलायची आम्हाला सवय नाही. सुताराला निरोप दिला आहे. न्हाणीघरात तिला धरायला दांडी बसवून घ्यायची.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारचे ग्रंथपाल भिंतीवरून डोकावले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे न विचारता सांगतात. लांडगे, कोल्हे, थेट आदिमानवापासून सुरुवात. शिकार मोठी असली की पोटभर खायचं आणि उरलेलं पुरायचं. मातीत मांस गार राहतं, वास दबतो, दुसऱ्या कोणाच्या तोंडी लागत नाही. घरच्या कुत्र्याला भूक नसते, पण पंजांना ते आठवतं. म्हणून हाड नसलं तर खेळणं, खेळणं नसलं तर चप्पल.

मी म्हटलं, लांडग्याकडे फ्रिज नव्हता. याच्याकडे माझा आहे, आणि त्यात याचं मटणाचं पातेलं माझ्या दुधाला खेटून बसलं आहे.

म्हणाले, रक्तातच असतं हो ते.

असेल. माणसाच्या रक्तात झाडावर चढणं आहे. ग्रंथपाल त्या भिंतीपाशी विटेवर चढले होते, उतरताना तीनदा देवाचं नाव घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पाळत ठेवली. खुर्ची मागच्या दारात, हातात विणकाम, नजर विणकामावर नाही. मी बघते आहे हे कळलं की साहेब तोंडात हाड धरून निर्विकार उभा. हाड? कुठलं हाड? परीक्षेत कॉपीची चिठ्ठी गिळलेली मुलगी अगदी अशीच उभी राहायची.

मी आत पाणी प्यायला गेले. परत येईपर्यंत हाड गायब, नाकावर माती, चेहरा तोच.

संध्याकाळी उकरून काढलं. जिरेनियमच्या खाली होतं. आतापर्यंतची जप्ती: हाडं पाच, बदक एक, दोरीचं खेळणं एक, मोजा एक (माझा).

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण माझीच विद्यार्थिनी निघाली. तिने पहिलं वाक्य काय म्हणावं? बाई, तुमच्या कपाटात माझी शिट्टी आहे अजून. बावीस वर्षं झाली! मी म्हटलं, वर्गात वाजवली नसतीस तर घरी गेली असती.

मग तिने माझी उलटतपासणी सुरू केली. त्याला एका वेळी किती वस्तू देता? फिरायला किती वेळ नेता? एकटा असतो का? कंटाळलेला कुत्रा खड्डे करतो, ज्याच्याकडे भरपूर आहे तो उरलेलं पुरतो. इथवर ठीक. मग म्हणाली, आणि त्याच्याकडून कोणी वस्तू काढून घेतं का?

काढून घेत नाही, मी म्हटलं. जप्त करते.

तिला खोकला आला. बराच वेळ.

मग औषध काय द्यावं तिने? गोळी नाही, इंजेक्शन नाही. "बाई, त्याला एक हाड द्या आणि जवळ बसा. हात लावू नका. नुसतं बसा."

एवढी वर्षं शिकून हे! बाहेरच्या पाटीवर 'चिकित्सालय' चुकीचं लिहिलं आहे, तेही सांगून आले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरणीच्या बोलण्याने डोकं उठलं आहे. काढून घेतं का म्हणे!

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घरून आलेला खाऊ एकत्र ठेवायचा नियम होता. मदर सुपीरियरच्या कपाटात, शनिवारी वाटप. मी मॉनिटर. धाकटी आठ वर्षांची, पहिलंच वर्ष. आईने पाठवलेला टॉफीचा डबा तिने गादीच्या पेंढ्यात लपवला. मी तो काढला आणि कपाटात जमा केला. बहीण म्हणून सोडलं असतं तर बाकीच्या पन्नास मुलींनी काय म्हटलं असतं? मदरनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं.

धाकटी रडली नाही. त्यानंतर मला तिच्या गादीत कधीच काही सापडलं नाही. मला वाटलं, सुधारली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटल. मी आत शिरले तशी धाकटीने कसलासा कागद उशीखाली सारला. विचारलं, तर म्हणे बिछान्याचा व्यायाम. व्यायामाचा कागद लपवायला तो काय प्रेमपत्र आहे?

साहेबाचं सगळं वर्तन सांगितलं. ती हसली, टाके दुखेपर्यंत. मग म्हणाली, गंमतच आहे, माझ्याकडे तो काही पुरत नाही.

तिसऱ्या मजल्यावर पुरणार कुठे, मी म्हटलं, कुंडी तरी आहे का तुझ्याकडे?

अकरा आहेत, ताई.

मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मी तिच्या घरी गेलेले नाही. गुडघे. शिवाय तिने कधी बोलावलं नाही. मागच्या खेपेला मी तिचं स्वयंपाकघर नीट लावून दिलं होतं, त्यानंतर नाहीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरणीचा उपाय करून बघतेय. ती चूक आहे हे सिद्ध करायला, दुसऱ्या कशाला नाही.

मागच्या पायरीवर बसले. साहेबाला एक हाड दिलं. त्याने ते तोंडात धरलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि चालता झाला. माझ्या हातांकडे! मी ते पदराखाली घेतले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पुरलं. माझ्यासमोर. उकरलं नाही. हात शिवशिवत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुतार आला. न्हाणीघरात दांडी बसवली, चांगली घट्ट. पाणी पिता पिता म्हणाला, तुमच्या बहिणीच्या नव्या जागेतही परवा अशीच बसवली बाई, त्यांनीच फोन केला होता, तुमचंच नाव सांगितलं.

कुठली नवी जागा?

तळमजल्याची, तो म्हणाला. छान आहे, उजेड येतो. मग माझ्याकडे बघून त्याने पेला खाली ठेवला आणि हत्यारं गोळा करायला लागला.

तर असं आहे. बिछान्यात पडल्या पडल्या धाकटीने फोनवरून घर घेतलं. इथून बसने वीस मिनिटं. सुताराला माहीत. नर्सला माहीत असणार, तो कागद तिनेच आणून दिला असेल. भिंतीवरून विचारलं तर ग्रंथपाल विटेवरून घाईने उतरले, म्हणजे त्यांनाही माहीत. सगळ्या गावाला ठाऊक, एक मी सोडून! आणि मी इकडे तिच्या खोलीला चुना देऊन बसले आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलायचे चार मुद्दे लिहून नेले होते. एकसुद्धा वाचता आला नाही.

मी विचारलं, सुताराला सांगितलंस, मला का नाही? ती छताकडे बघत होती. शेजारच्या खाटेवरची बाई झोपेचं सोंग घेऊन कान देत होती.

"तुला सांगितलं असतं तर तू मोजपट्टी घेऊन गेली असतीस. पडदे बदलले असतेस. मग ती जागा तुझी झाली असती."

मी म्हटलं, मी आजवर तुझं वाईट चिंतलं आहे का?

"नाही ना, ताई. वाईट हेतूने घेतलं असतंस तर भांडून परत तरी मागितलं असतं."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. मी पिशवी उचलून निघाले. खाली येऊन बसमध्ये बसल्यावर कागद उघडून पाहिला. तिसरा मुद्दा पडद्यांचाच होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोणाशी बोलले नाही. साहेबाशीही नाही. त्याला फरक पडला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कपाट उघडलं. पाच हाडं, बदक, दोरी, मोजा, सगळं मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. घे बाबा.

साहेबाने आधी विश्वासच ठेवला नाही. कपाळाला आठ्या घालून प्रत्येक वस्तूचा वास घेतला, जणू साहेबांच्या अनुपस्थितीत फाइलींची अफरातफर झाली असावी. मग एकेक उचलून पुरायला लागला. पाऊण तास लागला. गुलाब गेला, जिरेनियम गेलं, ग्रंथपालांच्या भिंतीला खालून बोगदा झाला. ते विटेवर उभे राहून म्हणाले, अहो, थांबवा त्याला. मी म्हटलं, रक्तातच असतं हो ते.

मी पायरीवर बसून होते. मोजासुद्धा पुरला त्याने. नीट, नाकाने माती सारून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नवं हाड दिलं. मी पायरीवर, विणकाम हातात, या खेपेला नजर खरंच विणकामावर, कारण दोन टाके सुटले होते. साहेब अंगणाला एक फेरी मारून आला आणि माझ्या पायाशी बसून हाड खाऊ लागला.

काय तो आवाज! कुणी दळण दळतंय म्हणावं तर दळणाला लाज वाटेल. लाळ माझ्या घोट्यावर. वीस मिनिटं.

मी हलले नाही. पाय बधिर झाला.

डॉक्टरणीला कळवणार नाही. पण तिची शिट्टी शोधून ठेवली आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीला सुटी मिळाली. मी साहेबाला घेऊन थेट तिच्या नव्या जागेवर गेले. तिने बोलावलं होतं. 'साहेबाला आणून दे' असं म्हणाली, म्हणजे बोलावणंच ते.

खोली लहान आहे. अकरा कुंड्या खिडकीत. पडदे भयंकर! शेवाळी रंग, त्यावर नारिंगी होड्या, आणि एक बाजू बोटभर आखूड. स्वयंपाकघरात चहाची भांडी सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे काठी टेकून चालणाऱ्या बाईने चहा प्यायचा तरी कसा!

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेब बघायचा तशी, आधी तोंडाकडे, मग हातांकडे.

मी म्हटलं, उजेड छान येतो.

चहा तिनेच केला. स्टूल न घेता ती वरचं पातेलं काढत होती, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. चहा पांचट झाला होता. सगळा प्याले.

निघताना साहेब दारापर्यंत आला. पुढे आला नाही. योग्यच आहे. त्याचं घर आहे ते.

२ मार्च, रविवार

अंगण सपाट करून घेतलं. गुलाब नवा लावायला हवा. घरात फार शांत आहे. वेळापत्रकाचा कागद ती परत द्यायला विसरली. मी मागितलाही नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी आठला धाकटीचा फोन. काल न्हाणीघरात पाय घसरला. अर्धा तास फरशीवर बसून होती, मग आपली आपण उठली. लागलं नाही म्हणते. डॉक्टरला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. "फक्त तुला सांगतेय, ताई. येऊ नकोस."

मी बरं म्हटलं.

चपला घातल्या. काढल्या. साडेनऊ झालेत, फोनजवळ बसून आहे.