शेंगोळे न होणारं घर

आत्याबाई, त्या सकाळी तुम्ही जात्यावर हुलगे दळत होता. मी गोठ्यातलं शेण काढून आत आले, चूल पेटवली, आणि तुम्ही पिठाची परात माझ्यापुढं सरकवलीत. तिखट-मीठ, लसूण घालून मी पीठ घट्ट मळलं. तुम्ही एकेक शेंगोळा बोटांनी वळून उकळत्या पाण्यात सोडत होता. तुमचा मुलगा उंबऱ्याशी बसून घाई करत होता. "आये, आज तू वाढ. तुझी सून लई हात आखडती." तुम्ही म्हणालात, "आरं, विहिरीत उतरायचंय ना? एवढं जड पोट घिऊन वर येशील का?" आपण तिघंही हसलो. तो पोटभर जेवून आपल्या विहिरीवर गेला आणि दुपारी दरड कोसळली.

त्यानंतर आपल्या घरात शेंगोळे झाले नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तुम्ही उरलेले हुलगे बैलांना भरडून घातलेत. पुढं तुमच्या नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं लावायला लागले तेव्हा तुम्ही ओरडायचात, "वाचून काय मामलेदार व्हायचंय का? भाकर करपती तिकडं." भाकर खरंच करपायची. तुम्ही जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आता ओरडायला कुणी नाही. शाळेतले गुरुजी पुस्तकं देतात, मी वाचते.

या वेळी त्यांनी एक कादंबरी दिली. तीत एका आईचा तरणा मुलगा जातो. त्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या आवडीची पुरणपोळी केलेली असते. मग ती रोज पुरण शिजवते, रोज त्याचं ताट वाढते. जायफळाचा वास, पोळीवर पाझरणारं तूप, हे इतकं छान लिहिलंय की या दुष्काळात रेशनवरच्या मिलोची लाल भाकरी खाणाऱ्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची लाज वाटली. रागही आला. मरणाच्या घरात एवढा सुंदर वास कुठला? आपल्याकडे भाऊबंदांनी आणलेलं पिठलं घशाखाली उतरत नव्हतं.

पण एका पानावर त्या आईला वाटतं, आपण त्याच्या आवडीचं वाढलं म्हणूनच तो गेला. तिथं मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं हा विचार माझ्या एकटीचा आहे असं मी धरून चालले होते. छापलेला पाहिला आणि तो खरा वाटायला लागला. तुमचा नातू यंदा लोकांच्या विहिरी खोल करायला जातो. सुरुंगाचा बार ऐकू आला की मी हातातलं काम तसंच ठेवते, आणि माणसं ओरडत येतात का ते ऐकत बसते.

परवा तो कर्जतच्या बाजारातून हुलगे घेऊन आला.

"आये, उद्या डब्याला शेंगोळं कर. विहिरीवर एकानं आनलं हुतं, लई झ्याक लागलं."

"मला न्हाई येत."

"आता गं! सोता पुस्तकात पुरनपोळ्या खातीस, आन् आमाला मिलो?"

तो हसत होता. त्याला काय माहीत? आपण दोघींनी त्याला कधी सांगितलंच नाही. हुलगे निवडायला घेतले, ते तसेच सुपात ठेवले. तुम्हाला विचारावंसं वाटलं. तुम्ही तर गेलेल्या मुलाची आई होता. तुमच्याही मनात हेच यायचं का? की माझ्याकडे बघून तुम्ही गप्प राहिलात? त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला घेतलं, पुरं आज करतेय. कुठं टाकायचं तर नाहीच. कादंबरीची शेवटची पानं मी वाचलेली नाहीत. गुरुजींना मात्र पुस्तक आवडलं असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नाही.

काल मी शेंगोळे केले. सकाळी त्याच्याबरोबर डबा दिला नाही. दुपारी स्वतःच घेऊन गेले, काठापासून लांब बसले, आणि दगड ओढायच्या यारीतून तो वर आला, तेव्हाच डबा त्याच्या हातात दिला.