डावीकडची खिडकी

गुरु. ५ डिसें.
आज गुरुवार, आणि हे डबा घेऊन ड्युटीला निघाले! अख्ख्या एमआयडीसीला सुट्टी. म्हटलं, "अहो, आज गुरुवार." दारातच थबकले. मग म्हणे, "ओव्हरटाइम हाय." गुरुवारी तिकडे लाइट बंद असते. मशीन काय हाताने फिरवणार? कुठंतरी पाणी मुरतंय.

शुक्र. ६
यांचा कंपनीचा शर्ट धुतला. पूर्वी दोनदा साबण लावूनही मशीनवरच्या कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास जायचा नाही. आता नुसता घाम आणि कॉलरला धूळ. खालच्या मजल्यावरच्या सुनीताला सहज म्हणून सांगितलं. ती म्हणते, "नवरा एवढा स्वच्छ घरी यायला लागला की बाईनं जागं व्हावं." मेली बोलून मोकळी झाली, इथं माझा जीव टांगणीला.

जेवताना सरळ विचारलं, "हल्ली कुठं असता?" म्हणाले, "रविवारी लोणावळ्याला जाऊ. सुट्टी टाकतो." लातूर सोडून इथं आलो तेव्हापासून मी मागं लागलेय, तेव्हा कधी जमलं नाही. आता बरं सुचलं! चोराच्या मनात चांदणं.

रवि. ८
जाऊन आलो. नीट लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

चिंचवडला लोकलमध्ये चढलो. मी उजवीकडे बसत होते, तर हे म्हणाले, "डावीकडं बस, मळवलीला लोहगड दिसतो." यांना कुणी सांगितलं? मला तर म्हणे, तिकडं कधी गेलोच नाही. कामशेतनंतर डोंगर जवळ आले. पिवळं पडलेलं गवत, माथ्यावर धुकं. इतकं सुंदर, आणि मी यांचंच तोंड बघत होते.
"अगं, बाहेर बघ की."
बघितलं. लोहगड डावीकडेच होता.

लोणावळ्याला स्टेशनबाहेर चहाची टपरी. टपरीवाल्या मावशीने न विचारता यांना बिनसाखरेचा चहा दिला. माझं टाळकंच सटकलं. हे चिक्की आणायला गेले तशी मी मावशीला गाठलं. "हे इथं कुणाबरोबर येतात?"

"कुणाबरूबर न्हाई गं बाई. एकलेच येत्यात रोज. त्या लिंबाखालच्या बाकावर बसून डबा खात्यात. मला बी दिली व्हती एकदा शेपूची भाजी. तुझ्या हातची व्हय?"

माझ्याच हातची. म्हणजे नोकरी गेली. कधी, देव जाणे. रोज शर्ट घालून, डबा घेऊन हा माणूस इथं येऊन बसतो.

बाई असती तर भांडता तरी आलं असतं. रडू आलं, रागही आला. मी इतकी परकी आहे का?

चिक्की घेऊन आले. "काय म्हणत होती मावशी?"
"थंडी लई हाय म्हणत होती."
चिक्कीचा पुडा माझ्या हातात देताना आधी टपरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता संशय त्यांना.

येताना मुद्दाम डावीकडची खिडकी धरली. परतीला तिकडे लोहगड नसतो, हे लक्षातच आलं नाही. ते समोर बसले. तळेगाव येईपर्यंत वाटत होतं, आता सांगतील. आकुर्डी गेली, पुढचं स्टेशन आमचंच. मीही विचारलं नाही. त्यांच्याच तोंडून ऐकायचंय मला.

सोम. ९, सकाळ
उठल्या उठल्या कंपनीचा शर्ट बादलीत भिजत घातला. डब्यात शेपूची भाजी भरली.
"माझा शर्ट कुठाय?"
"भिजवला. आज साधा घाला."
त्या शर्टाशिवाय गेटवर आत सोडत नाहीत. एकदा शर्ट वाळला नव्हता तर घर डोक्यावर घेतलं होतं यांनी. आज ओरडण्याची वाट बघितली. गुपचूप चौकड्याचा घातला.

बूट घालून झालेत. डबा हातात आहे. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, त्यांच्याकडे पाठ करून. दाराची कडी अजून वाजलेली नाही.